वाणीचे स्वातंत्र्य आणि नावाची चोरी

अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि वाङ्मयचौर्य या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे वारंवार होताना दिसते. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावाने छापणाऱ्याला जाब विचारला, की तो म्हणतो, "विचार ही काय कोणाची खाजगी मालमत्ता आहे? मला मत मांडण्याचे स्वातंत्र्य नाही काय?" उलट, एखाद्याने एखाद्या ग्रंथावर सडकून टीका केली आणि त्यासाठी त्यातील उतारे दिले, की ग्रंथकर्ता म्हणतो, "माझ्या परवानगीवाचून माझे शब्द वापरलेच कसे?" पहिला चोरीला स्वातंत्र्य म्हणतो, दुसरा स्वातंत्र्याला चोरी म्हणतो. प्रशासनात काम करताना हे दोन्ही दावे माझ्यासमोर आले आहेत. म्हणून त्यांतील सीमारेषा नेमकी कोठे आहे, ते तपासून पाहावेसे वाटले.

हा प्रश्न छापखान्याबरोबर किंवा इंग्रजी कायद्याबरोबर आपल्याकडे आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्यासाठी काशीच्या पंचगंगा घाटावर जावे लागेल. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा तेथे संगम होतो, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. तरीही उरलेल्या चौघींचा हिशेब ठेवून घाटाचे नाव पंचगंगा राहिले आहे. मराठी माणसाला हा घाट परका नाही. येथील आजचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले आहे, आणि कार्तिकात उजळणाऱ्या दगडी दीपस्तंभाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे.

पंडितराज जगन्नाथाची आख्यायिका याच घाटाची. गंगालहरीचा एकेक श्लोक म्हणताच गंगा एकेक पायरी चढत गेली आणि बावन्नाव्या श्लोकाला तिने त्याला पोटात घेतले, असे सांगतात. गंगा दशहऱ्यात गंगालहरी म्हणणाऱ्या मराठी घरांना ती कथा ठाऊक असते. ज्यांना तेथून ठाऊक नाही, त्यांना विद्याधर गोखले यांच्या १९६० सालच्या संगीत नाटकामुळे जगन्नाथ माहीत आहे. आख्यायिका बाजूला ठेवून त्याचे ग्रंथ पाहिले, तर आपल्या विषयावर त्याने तीन गोष्टी करून ठेवलेल्या आढळतात.

पहिली अशी, की 'रसगंगाधर' या साहित्यशास्त्रावरील ग्रंथाच्या प्रारंभीच तो जाहीर करतो की यातील उदाहरणे मी स्वतः रचली आहेत, दुसऱ्याचे येथे काही घेतलेले नाही. दुसरी, 'भामिनीविलासा'च्या शेवटी तो सांगतो की दुष्ट लोक माझी पद्यरत्ने पळवतील, या शंकेने मी त्यांच्यासाठी ही पेटी तयार केली आहे. सतराव्या शतकातील ही एका प्रकारची नोंदणीच म्हणायची. तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. अप्पय्य दीक्षितांच्या 'चित्रमीमांसे'चे खंडन करणारा एक स्वतंत्र ग्रंथ त्याने लिहिला. खंडन करायचे तर प्रतिपक्षाचे म्हणणे समोर मांडावेच लागते. चोरांविषयी इतका संताप बाळगणारा हा माणूस दुसऱ्याचे म्हणणे खंडनासाठी उघडपणे उचलतो, आणि त्यात त्याला किंवा त्याच्या काळाला काही विसंगत वाटत नाही. कारण ज्याचे म्हणणे आहे, त्याच्याच नावावर ते ठेवून मग तो त्याच्यावर तुटून पडतो. टीका कितीही कठोर असो, तिने कोणाचे नाव पुसलेले नाही.

याच काशीत दुसरे एक उदाहरण आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण केला. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे त्यांचे पुतणे. 'निर्णयसिंधु'चा मोठा भाग इतरांच्या वचनांचा आहे. पण प्रत्येक वचनाबरोबर ते कोठले, हे सांगितलेले आहे. निबंधकारांच्या या सवयीचा पुढे एक अनपेक्षित लाभ झाला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना कोणता ग्रंथ आधीचा आणि कोणता नंतरचा, हे ठरवण्यासाठी कोणी कोणाचा उल्लेख केला आहे, याचा फार मोठा आधार घेतला. जुन्या पंडितांनी नावे गाळली असती, तर तो इतिहास आज अंधारात चाचपडत राहिला असता. म्हणजे नावाचा उल्लेख हा केवळ शिष्टाचार नव्हे. ज्ञानाची साखळी त्यावर उभी असते.

आता पैठणचेच दुसरे सुपुत्र एकनाथ यांच्याकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची मराठी टीका शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये कार्तिक पौर्णिमेला वाराणसीत पूर्ण झाली. पंचगंगेवर स्नानाची मोठी पर्वणी असते, तोच हा दिवस. पंचगंगेपासून फार दूर नसलेल्या मणिकर्णिकेच्या तीराचा उल्लेख ग्रंथाच्या शेवटी येतो. भागवत प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी एकनाथांना जाब विचारला आणि अखेर त्याच ग्रंथाचा गौरव केला, अशी परंपरा आहे. परंपरेतील तपशील कसेही असोत, असा आक्षेप होता आणि एकनाथांना तो ठाऊक होता, हे ग्रंथावरूनच दिसते. संस्कृत देवांनी केली असे म्हणता, तर मग प्राकृत काय चोरांनी निर्माण केली, अशा आशयाचा सवाल ते पहिल्याच अध्यायात करतात. बोलण्याच्या स्वातंत्र्याची याहून रोखठोक मागणी मराठीत क्वचितच झाली असेल.

आणि हेच एकनाथ अकरा वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करतात. तीन शतकांच्या नकलांमध्ये पाठ भ्रष्ट झाले होते. ते शुद्ध करून झाल्यावर त्यांनी एक ताकीद लिहून ठेवली. या ग्रंथात जो कोणी स्वतःची ओवी घुसडील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा तिचा आशय आहे.

एकाच माणसाच्या या दोन भूमिका परस्परविरोधी आहेत काय? एकीकडे मला माझ्या भाषेत बोलू द्या म्हणायचे, आणि दुसरीकडे इतरांना ओवी घालू नका म्हणून बजावायचे! नीट पाहिले तर विरोध नाही. एकनाथांनी कोणालाही ओव्या रचू नका असे सांगितले नाही. ज्ञानदेवांच्या नावाखाली रचू नका, एवढेच सांगितले. स्वतः एकनाथांनी व्यासांचे श्लोक घेतले, श्रीधरांच्या टीकेचा आधार घेतला, ज्ञानदेवांचे ऋण मानले, आणि स्वतःची नाममुद्रा लिहितानाही 'एका जनार्दन' म्हणून गुरूचे नाव आपल्या नावाला जोडले. ऋण सांगितल्याने त्यांचे लेखन कमी ठरले, असे गेल्या साडेचारशे वर्षांत कोणी म्हटलेले नाही.

तुकोबांच्या वाट्याला तर दोन्ही अन्याय आले. रामेश्वरभट्टांच्या आक्षेपामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा सर्वांना माहीत आहे. सालोमालोची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. 'संत तुकाराम' या प्रभातच्या १९३६ सालच्या चित्रपटातील खलनायक म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. परंतु सालोमालो हे नाव चित्रपटवाल्यांनी शोधून काढलेले नाही. ते गाथेतच आहे. संतांची वचने मोडूनतोडून ती स्वतःची म्हणून मिरवणाऱ्यांवर तुकोबांनी तेथे उघड नाराजी व्यक्त केली आहे. विठ्ठलापुढे सर्वस्व टाकलेल्या माणसाला 'हे माझे अभंग आहेत' असे का वाटावे? माझ्या समजुतीप्रमाणे हा प्रश्न मालकीचा नव्हता. ज्या जगण्यातून ते शब्द आले, ते जगणे न जगता शब्द तेवढे उचलणे, हे त्यांना खोटेपणाचे वाटले.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून तीन वेगवेगळे अन्याय समोर येतात. दुसऱ्याचे तोंड बंद करणे, हा पहिला. दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या नावावर खपवणे, हा दुसरा. स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे, हा तिसरा. पहिल्यात माणसाची वाणी हिरावली जाते. दुसऱ्या व तिसऱ्यात वाणी आणि माणूस यांची ताटातूट केली जाते. स्वातंत्र्य या शब्दाने आपण पहिल्याचा निषेध करतो. त्याच शब्दाने दुसऱ्या-तिसऱ्याचे समर्थन कसे करता येईल?

सरकारी कचेरीत हे तिन्ही प्रकार घडतात. एक प्रकरण सांगतो. एका जिल्ह्यात असताना माझ्याकडे एका ग्रामसेवकाची फाईल आली. त्याने सहा वर्षे स्वतःच्या आणि आसपासच्या गावांतील विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजून तक्ते केले होते, त्यावर चाळीस-एक पानांचे टिपण लिहिले होते, आणि ते योग्य मार्गाने वरिष्ठांकडे पाठवले होते. दोन वर्षांनी एका संस्थेच्या नावाने देखणा अहवाल छापून आला. तक्ते तेच, वाक्ये तीच, इतकेच नव्हे तर एका गावाच्या नावातील त्याची लेखनचूकही तीच. त्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. त्याने स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहिले. त्यावर त्याला कारणे दाखवा नोटीस आली, की परवानगीवाचून वृत्तपत्राशी संपर्क का साधला.

संबंधितांचे म्हणणे मी ऐकून घेतले. ते म्हणाले, माहिती सरकारची आहे, ती कोणीही मांडू शकतो. त्याच बैठकीत ते असेही म्हणाले, की कर्मचाऱ्याला असे जाहीर बोलण्याचा अधिकार नाही. मांडणीचे स्वातंत्र्य स्वतःकडे आणि शिस्त तेवढी ग्रामसेवकाकडे, अशी ती वाटणी होती. पत्रात गोपनीय असे काही नसल्याने नोटीस मागे घेतली गेली. पुढच्या आवृत्तीत त्याच्या नावाचा उल्लेख करावा, असेही मी लिहिले. पण पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही. आज त्याचे नाव फक्त त्या फाईलीत आहे. तो मला एवढेच म्हणाला होता, "साहेब, मला पैसे नकोत. विहिरी मी मोजल्या, एवढं कुठंतरी लिहिलेलं असावं."

येथे कोणी विचारील, की सरकारी कामात तर एकाने मसुदा करायचा आणि दुसऱ्याने सही करायची, हे रोजचेच आहे. मग तेही वाङ्मयचौर्यच काय? नाही. शासनाच्या पत्राखाली ज्याची सही असते, त्यानेच ते शब्दशः लिहिले आहे, असे वाचणारा समजत नाही. ते कार्यालयाचे म्हणणे आहे, हे उभयपक्षी ठाऊक असते. शिवाय फाईलीवर प्रत्येक टिप्पणीखाली लिहिणाऱ्याची सही व दिनांक असतो. ती पद्धत कंटाळवाणी वाटते, पण कोणी काय सुचवले आणि कोणी काय ठरवले, हे तिच्यामुळेच वीस वर्षांनीही कळते. वाचकाची फसवणूक होते की नाही, ही खरी कसोटी आहे.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि १९(२) मध्ये राज्याला कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील, ते सांगितले. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी इत्यादी कारणे त्यात आहेत. वाङ्मयचौर्य त्या यादीत नाही. त्यावरून चोरीला संविधानाचे संरक्षण आहे, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ती यादी राज्य आणि नागरिक यांच्यातील नात्याची आहे. वाङ्मयचौर्य हा लेखक, लेखक आणि वाचक यांच्यातील व्यवहार आहे. मला बोलू द्यावे, हा माझा राज्याकडे हक्क आहे. माझे नसलेले माझे मानावे, असा हक्क मला कोणाकडेच नाही.

दुसरी गल्लत होते ती स्वामित्वहक्क आणि वाङ्मयचौर्य यांची. ज्ञानदेव-तुकारामांच्या रचनांवर आज कोणाचाच स्वामित्वहक्क नाही. त्या कोणीही छापाव्या. पण त्यांखाली स्वतःचे नाव घातले, तर ती चोरीच. याच्या उलट, दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासासाठी अशा प्रती काढण्याला कायद्यात जागा असल्याचे मान्य केले. तेथे नक्कल होती. परंतु पानांवरील मजकूर आपला आहे, असे दुकानदाराने म्हटले नव्हते. म्हणजे नक्कल असूनही चौर्य नसते आणि स्वामित्वहक्क संपला तरी चौर्य असू शकते.

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५७ या दृष्टीने प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे. हक्क विकले तरी कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो, असे ते सांगते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलावंताचा हक्क मान्य करून अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. मालकी वेगळी, कर्तृत्व वेगळे, हे सरकारला न्यायालयाकडून शिकावे लागले. टीका, परीक्षण वगैरेंसाठी दुसऱ्याचा मजकूर वापरण्याची मुभा याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. जगन्नाथ पंडिताला आज 'चित्रमीमांसे'चे खंडन लिहायचे असते, तर याच कलमाचा आधार घेता आला असता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालेल, साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द, अशा पायऱ्या त्यात ठरवल्या. नियम हवेतच. पण टक्केवारी यंत्राला कळते, नियत कळत नाही. केवळ जुळणारे शब्द मोजले तर 'निर्णयसिंधु' नापास होईल. म्हणूनच स्रोत सांगून दिलेले उतारे त्या विनियमांनीच मोजणीतून वगळले आहेत. उलट, कोणाची तरी कल्पना शब्द बदलून उचलणारा चतुर माणूस यंत्राच्या तावडीतून सहज सुटतो.

नावाचा आणखी एक अर्थ आपण विसरतो. नाव म्हणजे जबाबदारी. 'केसरी'तील अग्रलेखांखाली नाव नसे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी संपादक म्हणून त्या लेखांची जबाबदारी स्वीकारली आणि सहा वर्षांची शिक्षा भोगली. ज्याला बोलण्याचे स्वातंत्र्य हवे, त्याला बोलल्याचे परिणामही स्वीकारावे लागतात. उचलेगिरी करणाऱ्याला मान हवा असतो, आणि मजकुरात चूक निघाली, की "मी केवळ संकलन केले" म्हणून तो अंग काढून घेतो.

महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांना या विषयाचे एक विशेष महत्त्व आहे. त्यांच्या मुलांना शाळेत पहिल्याच वर्षी शिकवले जाते, की घेतलेल्या प्रत्येक वाक्याचा स्रोत सांगावा. तीच मुले गणेशोत्सवाची स्मरणिका उघडतात, तेव्हा कवितेखाली कवीचे नाव नसते, किंवा नुसते 'संकलित' असते. एखाद्या अनामिक विनोदाखाली पु. ल. देशपांडे यांचे नाव ठोकून दिलेले असते. घरापासून दूर असलेल्या मुलांची मराठीशी ओळख अशाच पानांतून होते. त्या पानांवर नावे चुकीची असतील, तर त्या मुलांपर्यंत भाषा पोहोचेल, पण ती घडवणारी माणसे पोहोचणार नाहीत.

म्हणून स्मरणिकेच्या, मंडळाच्या आणि कचेरीच्याही संपादकांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. कोणालाही न पटणारे मत मांडू द्यावे, ते केवळ अप्रिय आहे म्हणून गाळू नये. घेतलेल्या मजकुराखाली कर्त्याचे नाव द्यावे, आणि नाव सापडत नसेल तर 'कर्ता अज्ञात' असे स्पष्ट लिहावे, भलत्याच थोर माणसाचे नाव लावू नये. आणि ज्याने तक्ता केला, मोजमाप केले, अनुवाद केला, त्याचे नाव लहान अक्षरांत का होईना, छापावे. याला पैसे लागत नाहीत. एक ओळ लागते. त्या ग्रामसेवकाने तेवढीच मागितली होती.